हिरव्या चहाचा केक, चव न घेता

माझ्या सासरी देवाच्या नैवेद्याचं काही करताना चव घ्यायची नाही. मीठ अंदाजाने, गूळ अंदाजाने, आणि देवाला दाखवून झाल्यावर पानात जे येईल ते खायचं. लग्न होऊन चौलला आले तेव्हा मला या नियमाची धास्ती वाटायची, कारण मला अंदाज नाही. कधीच नव्हता. माहेरी आई म्हणायची, हिला मूठभर तांदूळ टाक म्हटलं तर कुणाची मूठ ते विचारते. म्हणून इथे आल्यावर मी मोजायला लागले. एका नारळाच्या चवाला गूळ किती, वाटीभर डाळीला मीठ किती, हे आडवारी करून पाहिलं, चाखलं, ठरवलं, आणि सणाला डोळे मिटून तेवढंच घातलं. चार-पाच वर्षांत माझा नैवेद्य चुकेनासा झाला. थोरल्या जाऊबाई त्याला कचेरीतला स्वयंपाक म्हणायच्या. त्यांचा हात जन्मजात चांगला. त्या चिमटीने मीठ टाकतात आणि ते बरोबर असतं. डोंबिवलीहून त्या गणपतीला आणि मे महिन्यात येतात, तेवढे दिवस स्वयंपाकघर त्यांचं.

कचेरीतला म्हणायचं कारण, मी खरंच कचेरीत होते. जवळच्या एका शाळेच्या कार्यालयात मी वीसेक वर्षं हिशेब पाहिले. मुलं कमी झाली, आमचा विभाग बंद झाला, आणि पन्नाशीच्या तोंडावर मी घरी आले. घरी आल्यावर एक गोष्ट लक्षात आली. कामावर जात होते तेव्हा घरातली जी कामं चौघं मिळून करत होती, ती सगळी महिन्याभरात माझ्याकडे आली. कुणी ठरवून केलं असं नाही. ‘तू आता घरीच आहेस ना’ या एका वाक्यावर सगळं झालं. सासूबाईंची औषधं, वाडीतल्या गड्यांचा चहा, सुपाऱ्या वाळत घालणं, पाहुणे. ह्यांनी तर एकदा बँकेत पासबुक भरून आणायलाही मलाच पाठवलं आणि स्वतः ओटीवर पेपर वाचत बसले.

मुलगी बंगळुरूला असते. तिने मला छोटा ओव्हन पाठवला आणि सोबत हिरव्या चहाच्या पुडीचा एक डबा. जपानी चहा, पानं सावलीत वाढवून दळलेली, माचा म्हणतात, असं तिने फोनवर सांगितलं. पहिल्यांदा मी ती पूड जिभेला लावली आणि थुंकले. ओहोटीला खडकांवरच्या शेवाळाचा वास येतो तसा वास, आणि कडू. सासूबाईंनी लांबूनच विचारलं, ‘जंताचं औषध आहे काय?’

पण ओव्हन आला होता, डबा आला होता, आणि मला काहीतरी नीट करायचं होतं. मी करत गेले. शंभर ग्रॅम मैद्याला तीन ग्रॅम पूड घातली तर नुसता रंग येतो. पाच घातली तर घसा कोरडा पडतो. चारला ते जुळतं: आधी गोड लागतं, मग मागून कडसर चव येते आणि तोंडात राहते. ओव्हन जास्त तापला तर हिरवा रंग करपून मातकट होतो, म्हणून आच कमी आणि वेळ जास्त. पूड चाळल्याशिवाय घालायची नाही, गुठळी राहिली तर खाणाऱ्याच्या दाताखाली नेमकी तीच येते. आणि आपल्याकडची हवा खारट, दमट. डबा उघडला की पूड बिघडायला लागते, म्हणून फ्रीजमध्ये, घट्ट झाकणाखाली. हे मला कुणी शिकवलं नाही. पहिला डबा मी हळदीच्या बरणीशेजारी फळीवर ठेवला होता, तो दोन महिन्यांत शेणकुटाच्या रंगाचा झाला. तो मी टाकला नाही, सरावाला ठेवला. साच्याचं माप बघायला, आच बघायला तो पुरत होता.

अंडं आमच्या घरात चालत नाही. म्हणून मी तीन वस्तू बसवल्या: दह्यातले कपकेक, लोण्याची बिस्किटं, आणि चक्का व आटवलेलं दूध एकत्र करून भाजलेली एक वडी, जिला मुलगी चीजकेक म्हणते.

काशीदच्या रस्त्याला मुंबईच्या एका बाईंनी कॅफे काढला आहे. हे त्यांच्याकडे शहाळी पोचवतात. एकदा मी ह्यांच्यासोबत बिस्किटांचा डबा दिला. दुसऱ्या दिवशी बाईंचा मला फोन आला. बिनअंड्याचं आणि माचाचं, हे दोन्ही त्यांच्या गिऱ्हाइकांना हवं होतं आणि मुंबईहून मागवलेलं येईपर्यंत मोडत होतं. त्या म्हणाल्या, तिन्ही प्रकार घेऊन शनिवारी दुपारी या. आवडलं तर दर शुक्रवारी तुमच्याकडूनच घेईन, कायमचं.

शनिवार म्हणजे गणपती बसल्यानंतरचा तिसरा दिवस होता. मी दुसरा वार विचारला. बाई त्या आठवड्यापुरत्याच मुंबईहून येणार होत्या आणि सुट्ट्यांच्या गर्दीआधी त्यांना सगळं ठरवून मोकळं व्हायचं होतं. मी हो म्हणाले.

हे काम मला का हवं होतं ते सांगते. दर शुक्रवारी घरातल्या सगळ्यांना माहीत असलं असतं की आज हिला काम आहे. बस. त्या दिवशी मला कुणी पासबुक भरायला पाठवलं नसतं.

सासूबाईंनी सुरुवातीला नाक मुरडलं, पण परवानगी दिली. अट एकच, की गणपतीच्या दिवसांत या चुलीवर जे होईल त्यातलं पहिलं देवाला. म्हणजे आधी चव नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. माझी मापं पक्की होती. चव न घेता करायचं म्हणूनच तर मी मोजायला शिकले होते.

त्या वर्षी सासूबाईंनी नैवेद्याचा सगळा स्वयंपाकही माझ्याकडे सोपवला होता. त्यालाही कारण होतं. अकरा महिने माझी पाळी आली नव्हती. सासूबाईंनी ते धरून ठेवलं होतं. ‘सुटलीस बाई,’ असं त्या म्हणाल्या होत्या, आणि मी म्हणाले होते की डॉक्टर पूर्ण वर्ष म्हणतात, अजून महिना बाकी आहे. त्यावर जाऊबाई हसून म्हणाल्या, ‘हिला तिथेही ताळेबंद लागतो.’

शनिवारी सकाळी अंघोळ करून मी कामाला लागले. घरचे अजून चहाच घेत होते. नवीन डबा फोडला, वजनकाट्यावर पूड मोजली, तीन स्टीलच्या वाट्यांत तीन प्रकारांची वेगवेगळी ठेवली. डबा रिकामा झाला, तेवढीच पूड होती. मैदा मोजला, साखर मोजली, लोणी मोजलं. सगळ्यांवर ताटल्या झाकल्या. मग चक्का आणायला फ्रीजकडे वळले आणि मला कळलं.

मी न्हाणीघरात जाऊन खात्री केली. अकरा महिन्यांनी, त्याच दिवशी.

आता यावर खूप जणींनी मला विचारलं आहे, म्हणून लिहिते. न्हाणीघरात मी उभी होते तेव्हा कुणालाही काही माहीत नव्हतं. कळण्याचं कारणही नव्हतं. सगळ्या घराने मी सुटले असं धरलं होतं. बाहेर येऊन मी चक्का घोटायला घेतला असता तर गणपती दीड दिवसाचा झाला नसता की वाडीतले माड वाळले नसते. हे मला तेव्हाही कळत होतं. माझा त्या विटाळावर विश्वास आहे असंही नाही. पण सासूबाईंनी विश्वासाने चूल माझ्या हाती दिली होती, आणि त्या ज्याला पवित्र म्हणतात ते त्यांना न सांगता मोडणं मला फसवणूक वाटली. वीस वर्षं मी शाळेच्या कागदावर खोटा आकडा टाकला नाही. मी बाहेर आले आणि सांगितलं.

सासूबाई देवाजवळ वाती करत होत्या. त्या रागावल्या नाहीत. हातातली वात खाली ठेवून म्हणाल्या, ‘अगो, आजच?’ आणि मग लगेच, ‘कशाकशाला हात लागला?’

मी मागच्या पडवीत गेले. तिथे खिडकीतून स्वयंपाकघर दिसतं. जाऊबाई पदर खोचून आत आल्या होत्या. मी खिडकीतून सांगितलं की सगळं मोजून ठेवलंय वहिनी, तुम्ही फक्त एकत्र करा, मी सांगते तसं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, त्या वाट्या नकोत.

मी म्हणाले, ‘आई, कोरडं आहे ते. कोरड्याला नसतं, तुम्हीच सांगितलंय.’

‘इतर दिवशी नसतं. गणपतीत असतं.’

‘पण पूड तेवढीच आहे.’

‘मग दुसरी नाही का ती? फळीवरची?’

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वाईट त्यांनाही वाटत असावं, पण सासूबाईंपुढे त्यांनी कधी शब्द काढलेला नाही. त्यांनी तिन्ही वाट्या, आणि मैदा-साखरेच्याही, उचलल्या, मागच्या दाराने बाहेर नेल्या आणि पहिल्या माडाच्या आळ्यात ओतल्या. मैदा आणि साखर वर पांढरी राहिली. हिरवी पूड ओल्या मातीवर पडली आणि क्षणात काळी झाली. माझ्यापासून ते आळं चार हातांवर होतं.

वाट्या धुवून परत घेता आल्या. वजनकाटा नाही. त्याला सकाळी माझा हात लागलेला, आणि तो विजेवरचा, पाण्याखाली धरता येत नाही. सासूबाईंनी तो कपड्यात गुंडाळून कपाटावर ठेवायला लावला. ओव्हनला त्या सकाळी माझा हात लागला नव्हता, म्हणून ओव्हन वाचला.

‘अगं, एवढं तोंड काय पाडतेस,’ जाऊबाई म्हणाल्या. ‘आमच्या हयातीत काट्यावाचून काही शिजलंच नाही काय?’

मी खिडकीच्या गजांना धरून वाट्यांच्या हिशेबात मापं सांगायला लागले. मैद्याची वाटी ग्रॅममध्ये किती ते मला पाठ होतं. पण माझी वाटी सपाट असते, त्यांची शीग असते. मी म्हणाले, शीग काढा. त्यांनी बोटाने काढली, थोडी. दही मी सांगितलं तेवढं घातलं. मग त्यांनी फळीवरचा जुना डबा उघडला आणि पुडीकडे पाहून विचारलं, ‘हीच का ती? ही तर सुंठीसारखी दिसते.’

मी सांगितलं की जुनी आहे, चव उतरून नुसता कडवटपणा राहिलाय, मी सांगते त्याहून एक कणही जास्त घालू नका, उलट कमी घाला. त्यांनी घातली. ढवळली. पिठाला रंग आलाच नाही. मळकट पांढरं दिसत होतं.

‘अगं, हिरवा केक म्हणून सांगितलंस ना त्या बाईला?’ असं म्हणत त्यांनी चमचा पुन्हा डब्यात घातला. मी नको म्हणाले. त्यांनी आणखी एक घातला. मी आवाज चढवला तेव्हा सासूबाई आतून म्हणाल्या की देव बसलाय घरात, ओरडायचं नाही. तिसरा चमचा मी पाहिला. त्यानंतरचे मला दिसले नाहीत, कारण त्या ओव्हनपाशी गेल्या आणि माझ्याकडे त्यांची पाठ झाली.

‘जरा चाखून तरी बघा वहिनी,’ मी म्हणाले.

त्या वळल्या, खरोखरच दचकलेल्या. ‘नैवेद्याआधी? शुद्धीवर आहेस ना?’

साडेबाराला आरती झाली. तिन्ही प्रकारांतला एकेक तुकडा देवापुढे ठेवला. तो प्रसाद सगळ्यांच्या जेवणात येणार होता आणि आम्हाला लगेच निघायचं होतं. जाऊबाईंनी डबे नीट भरून, वर बटर पेपर घालून, दोऱ्याने बांधून दिले. त्यांनी ते मनापासून केलं होतं. हे डबे घेऊन पुढच्या दाराने निघाले, मी मागून वळसा घालून आले. फाटकाबाहेर स्कूटर होती. ह्यांनी डबे माझ्या हातात दिले आणि किल्ली लावली. म्हणजे आमचा विटाळ फाटकापर्यंत होता. रस्त्यावर आल्यावर मी ते डबे मांडीवर घेतले आणि रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीदपर्यंत धरून बसले. मी न चाखलेला, न मोजलेला पदार्थ माझ्या नावावर पहिल्यांदाच कुठे चालला होता.

कॅफेत गिऱ्हाईक नव्हतं. बाईंनी खुर्च्या ओढून दिल्या, पाणी दिलं, मला ताई म्हणाल्या. चाळिशीच्या असतील, आवाज मऊ. त्यांनी डबा उघडला आणि मी पहिल्यांदा पाहिलं. कपकेक शेवाळी तपकिरी रंगाचे झाले होते. वडीला भेगा होत्या.

त्यांनी चमच्याने वडीचा कोपरा तोडला, खाल्ला, आणि चमचा बशीच्या कडेला ठेवला. मग पाणी प्यायल्या. सगळं प्यायल्या.

मीही एक तुकडा तोंडात टाकला. नुसता कडू असता तर मी काही सांगू शकले असते, की माचा असाच असतो. तो शिळा कडू होता. मागून गोड काहीच नाही. ह्यांनी बिस्किट घेतलं आणि चावायचं थांबून ते गालात धरून ठेवलं.

‘ताई, ती आधीची बिस्किटं तुम्हीच केली होती ना?’ बाईंनी विचारलं.

‘ती मी केली होती.’

‘आणि हे?’

ह्यांनी घसा खाकरला. ओव्हनमध्ये बिघाड झाला असं काहीतरी ते सुरू करणार होते हे मला त्यांच्या खांद्यावरून कळलं. मी त्यांना बोलू दिलं नाही. जे झालं ते मी क्रमाने सांगितलं, सकाळपासून, आळ्यात ओतलेल्या पुडीपर्यंत. ह्यांनी मान खाली घातली. परक्या बाईसमोर, तेही नवरा शेजारी असताना, असलं बोलायचं नसतं. मी बोलले.

बाईंनी मध्येच तोडलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, ‘मला तुमच्या घराबद्दल काही म्हणायचं नाही. चवीचंही नाही. तुमचा हात मला माहितीये, तुम्ही पुन्हा करून आणाल. मला एवढंच सांगा, पुढे एखाद्या शुक्रवारी असं झालं तर?’

ह्यांनी उत्तर दिलं. ‘रोज नाही हो आम्ही एवढं पाळत. फक्त सणावाराला.’

‘माझ्याकडे लोक सणाच्या सुट्टीतच येतात.’

बाईंनी मग माझ्याकडे पाहिलं. ‘तुम्ही सांगा ताई. तुमच्याच हातचं येईल, एवढं म्हणा. मी आत्ता हो म्हणते.’

इतकं सोपं होतं ते. एक वाक्य. मला ते म्हणता येत नव्हतं, कारण ते खरं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात अर्धं आयुष्य घालवलेली मी म्हणाले, घरी विचारून सांगते.

त्यांनी उद्या संध्याकाळपर्यंत कळवायला सांगितलं. डबे परत देताना त्यांनी ते धुवून दिले, रिकामे.

घरी पोचलो तेव्हा प्रसादाचे तुकडे सगळ्यांच्या पानात तसेच पडून राहिले होते हे मला जाऊबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या पडवीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ‘मला तरी काय कळणार गं,’ त्या म्हणाल्या. ‘चव कुठे घ्यायची होती.’ त्यांचा आवाज रडवेला होता. त्यांच्यावर राग काढता आला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी सासूबाईंना पडवीतूनच विचारलं. त्या आत पाटावर बसल्या होत्या, मी उंबऱ्याच्या अलीकडे. मी म्हणाले, दर शुक्रवारी मला काम करायचं आहे, कुठलाही शुक्रवार असो. त्यासाठी ओव्हन मी पडवीत घेईन, तुमची चूल वेगळी राहील.

त्यांनी बराच वेळ विचार केला. त्या दुष्ट नाहीत, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. त्यांच्या तरुणपणी त्या चार दिवस गोठ्याशेजारी बसलेल्या आहेत, पावसात. त्यांच्या मते मला पंखा असलेली पडवी मिळाली. त्या म्हणाल्या, ‘आता किती राहिलंय तुझं? वर्षभर थांब. मग कर हवं तितकं, मी अडवते काय?’

‘वर्षभर त्या थांबणार नाहीत.’

‘मग नसेल ते आपलं.’

हे दारात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मला खुणेने बाहेर घेऊन गेले, विहिरीपाशी, आणि हळू आवाजात म्हणाले, ‘तू हो म्हणून टाक त्या बाईला. दर वेळी घरात सांगायलाच हवं असं कुठंय? आज तरी कशाला सांगितलंस? कुणाला कळणार होतं?’

म्हणजे ह्यांनाही विटाळ खरा वाटत नव्हता. सकाळी ते ओटीवर होते, पूड आळ्यात गेली तेव्हा त्यांनी ऐकलं होतं. तेव्हा ते काही बोलले नाहीत.

मी म्हणाले, ‘हेच आईंसमोर बोला. की तुम्हाला चालतं, हिला करू दे.’

‘म्हातारं माणूस आहे. या वयात कशाला दुखवायचं?’ असं म्हणून ते आरतीला गेले. आत टाळ वाजायला लागले. मी पडवीत बसून ऐकली आरती, सगळी पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाईंना निरोप पाठवला की खात्री देऊ शकत नाही. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि लिहिलं की अलिबागच्या एका मुलीला विचारून पाहते. त्या मुलीचे कपकेक मी नंतर एकदा तिथे पाहिले. छान हिरवे होते.

रात्री मुलीचा फोन आला. मी झालेलं सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, ‘आई, तू सांगितलंसच का?’ तिनेही तेच विचारलं. तिच्या वडिलांनी विचारलं तेच, आणि नंतर माझ्या शाळेतल्या मैत्रिणींनी विचारलं तेच. नियम बदलावा असं कुणी म्हणालं नाही. मी खोटं बोलायला हवं होतं, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

मी त्यावर बरेच दिवस विचार केला. दसऱ्यानंतर, एका गुरुवारी, मला पुन्हा पाळी आली. गुरुवारी सासूबाईंचा उपास असतो आणि संध्याकाळी त्या दत्ताला नैवेद्य दाखवून सोडतात, तो स्वयंपाक मी करते. मी अंघोळ केली, स्वयंपाकघरात गेले, आणि कुणाला काही सांगितलं नाही. भाजी केली, वरण केलं. मुलीने पाठवलेला नवा डबा होता, म्हणून चक्का घोटून ती वडीही केली. मिश्रण साच्यात ओतण्याआधी त्यात बोट घातलं आणि चाखलं. बरोबर झालं होतं. मग भाजीही चाखली, आणि वरणही, गरज नसताना.

संध्याकाळी सासूबाईंनी नैवेद्य दाखवला, हात जोडले, बराच वेळ जोडले, आणि जेवायला बसल्या. पानात वडी पाहून म्हणाल्या, हे तेच का कडू? मी म्हणाले, खाऊन बघा. त्यांनी खाल्लं. हे माझ्याकडे पाहत होते. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी पटकन नजर काढून घेतली आणि ताकाचा पेला उचलला. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती. घरात शांतता होती, म्हातारं माणूस दुखावलं नव्हतं, बायको शहाणी झाली होती.

मला वाटलं होतं की निदान जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही. समोर चौऱ्याऐंशी वर्षांची बाई माझ्यावर भरवसा ठेवून जेवत होती आणि मी तिला वाढत होते. जे काम मला हवं होतं ते गेलं होतंच. आता घरात मी जे बोलत होते तेही खरं राहिलं नव्हतं.

‘आज जमलंय हो,’ सासूबाई म्हणाल्या. ‘काय केलंस वेगळं?’

‘काही नाही,’ मी म्हणाले.

त्यांनी आणखी एक वडी मागितली. मी वाढली.